कवाकिन्यू: तुम्ही परत परत विचारता ते सगळे प्रश्न एकाच जागी

गेली तीनेक वर्षं मी या चिमुकल्या पोर्तुगीज वाद्याबद्दल अधूनमधून लिहितोय, आणि मेसेजमध्ये फिरून फिरून तेच वीसेक प्रश्न येतात, म्हणून म्हटलं एकदाच बसून लिहून टाकू. प्रश्नांना नंबर दिलेत कारण एका उत्तरात दुसऱ्याकडे बोट दाखवावं लागतं. सगळं वाचायलाच पाहिजे असं काही नाही, हवा तो प्रश्न उघडा.

१. हे कवाकिन्यू म्हणजे नक्की काय असतं?

चार तारांचं छोटं गिटार. आठच्या आकड्यासारखी कंबर असलेली पोकळ पेटी, त्याला दांडी, दांडीवर पडदे, वर चार खुंट्या. टोकापासून टोकापर्यंत साधारण ५२ सेंटीमीटर, म्हणजे हाताच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत मोजा आणि वर चार बोटं धरा. पोर्तुगालमध्ये आज त्याला स्टीलच्या तारा असतात त्यामुळे आवाज किणकिणता, टोकदार, एकदम पुढे येणारा. मूळ घर पोर्तुगालच्या वायव्येचा मिन्यू प्रांत, त्यातही ब्रागा शहर आणि आसपासची गावं. तिथे हे मैफिलीत मांडी घालून ऐकायचं वाद्य नाही, नाचाचं आणि मिरवणुकीचं आहे. विरा, शूला असले गावनाच चालू असतात, अकॉर्डियनच्या जातीची कॉन्सर्टिना असते, मोठा ढोल असतो, लोखंडी त्रिकोण वाजत असतो आणि या सगळ्या गोंगाटातून हे एवढंसं वाद्य स्वच्छ ऐकू येतं. त्याची खरी कमाल तीच आहे.

२. उच्चार कसा करायचा? आणि नावाचा अर्थ काय?

गोव्याच्या लोकांना हे सोपं जाईल. गालिन्या काफ्रियाल म्हणताना जो ‘न्य’ येतो तोच इथे, शेवटी ऱ्हस्वच्या जवळ जाणारा ‘ऊ’, आणि जोर ‘कि’वर. क-वा-किन्यू. ‘कवाक्विनो’, ‘कॅव्हाकिन्हो’ वगैरे लिहिलेलं दिसतं, ते स्पेलिंग बघून केलेले अंदाज. मिन्यू प्रांताच्या नावातही हाच ‘न्य’ आहे.

अर्थ मला फार आवडतो. कवाकू म्हणजे लाकूड तासताना उडते ती ढलपी, आणि कवाकिन्यू म्हणजे छोटी ढलपी. सुताराच्या पायाशी पडलेला तुकडा उचलून वाद्य केलं असं वाटावं असं नाव. पोर्तुगीजमध्ये कवाकूचा दुसरा अर्थ गप्पाटप्पा असाही होतो. ब्राझीलमध्ये तर वाजवणारे लोक लाडाने नुसतं ‘कवाकू’च म्हणतात.

३. पण दिसायला हे युकुलेलेच आहे की! फरक काय?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न. फोटोवरून ओळखणं खरंच कठीण आहे कारण अंग जवळपास तेच आहे. फरक तारांत, सुरांत आणि उजव्या हातात.

युकुलेलेला नायलॉनच्या किंवा तसल्याच मऊ तारा, आवाज गोल, थोडा झोपाळू. कवाकिन्यूला स्टील. युकुलेलेचे सूर वेगळे लावतात (प्रश्न ४ बघा). आणि मिन्यूच्या पद्धतीच्या कवाकिन्यूत एक गोष्ट अशी आहे की ती एकदा दिसली की मग कधी चुकत नाही: पडद्यांची पट्टी तबलीच्या (पेटीच्या वरच्या फळीच्या) पातळीतच असते, वर उचललेली नसते, आणि १२ पडदे झाले की संपलं. त्यामुळे हात तबलीवरून सपासप फिरतो, कुठे अडत नाही. आवाजाचं भोक पण बऱ्याचदा गोल नसतं, स्टिंगरे माशासारखं, म्हणजे आपल्या पाकट माशासारखं पसरट कापलेलं असतं. लिस्बन, मादेइरा (पोर्तुगालचं अटलांटिकमधलं बेट) आणि ब्राझीलच्या प्रकारात मात्र पट्टी वर उचललेली, भोकापर्यंत येणारी, १७ पडद्यांची. म्हणजे तुम्ही ऑनलाइन जे ‘कवाकिन्यू’ बघता ते बहुतेक ब्राझीलवालं असतं.

४. सूर कसे लावतात? सरगममध्ये सांगाल का, ते सी-डी-ई डोक्यावरून जातं.

सांगतो ना. मिन्यूत गावोगाव वेगवेगळ्या पद्धती आहेत, पण आज पोर्तुगालमध्ये खूप चालणारी एक म्हणजे सोल-सोल-सी-रे (ही पोर्तुगीज स्वरनावं, यातला सी म्हणजे इंग्रजी बी). सोलला सा धरला तर सा-सा-ग-प. पहिल्या दोन तारा एकाच सुरात! म्हणजे काही न दाबता नुसता हात फिरवला तरी शुद्ध गंधाराचा पूर्ण गोड कॉर्ड वाजतो. नवशिक्याला पहिल्या मिनिटात आनंद.

ब्राझीलमध्ये रे-सोल-सी-रे, म्हणजे मंद्र प, मग सा-ग-प. तंबोऱ्याची आठवण येते, तोही पंचमानेच सुरू होतो ना. मादेइरातल्या छोट्या वाद्यालाही हेच सूर.

युकुलेलेत (इथे सा म्हणजे दो) प-सा-ग-ध, पण गंमत अशी की हनुवटीच्या बाजूची पहिली तार खालच्या पंचमाची नसून सा आणि ग या दोघांच्याही वरची असते. सूर चढत जाण्याऐवजी वरून खाली उडी मारून परत चढतो. ही लकब आली कुठून ते प्रश्न ९ मध्ये.

५. वाजवतात कसं? नखी लागते का?

पोर्तुगालमध्ये नाही, ब्राझीलमध्ये हो. मिन्यूत उजव्या हाताची बोटं पंख्यासारखी उघडत-मिटत नखांच्या पाठीने तारांवरून झटकतात, याला रास्गादू म्हणतात. लिहून कळत नाही, पण ओले हात झटकून पाणी उडवता तशी मनगटाची हालचाल डोळ्यासमोर आणा, फक्त तालात आणि खूप वेगात. ब्राझीलवाले नखीने वाजवतात त्यामुळे त्यांच्याकडे एकेक सूर मोकळा करून धून वाजवणं खूप पुढे गेलं.

६. मूळ नक्की कुठलं? कोणी शोधलं?

शोधणारा माणूस सापडणार नाही, आणि मला वाटतं शोधूही नये. सोळाव्या शतकात स्पेन-पोर्तुगालमध्ये चार जोडतारांची छोटी गिटारं घरोघर होती, त्या कुटुंबातलं हे एक. मिन्यूच्या गिमारायन्श शहरात वाद्य बनवणाऱ्या कारागिरांसाठी १७१९ साली केलेले नियम आहेत, त्यात काय काय बनवतात त्या यादीत चार आणि पाच तारांचे ‘माशिन्यू’ आलेत. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी त्या भागात हे छोटं वाद्य इतकं रोजचं होतं की त्यासाठी कारागिरांच्या पेशाचे नियम लागायचे. मला हा कागद कुठल्याही दंतकथेपेक्षा जास्त आवडतो.

दंतकथा आहेतच. मिन्यूचे लोकसंगीत गोळा करणारे गोंसालु साम्पायू, जे मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ होते, त्यांना त्या गाण्यांत जुन्या ग्रीक स्वररचना ऐकू यायच्या आणि वाद्य ब्रागात उत्तर स्पेनमधल्या बिस्केच्या लोकांनी आणलं असावं असं त्यांना वाटायचं. ग्रीकपर्यंत जायची गरज मला तरी दिसत नाही. पुढे एर्नेश्तू व्हेइगा द ऑलिव्हेइरा या अभ्यासकाने १९६० च्या दशकात गावोगाव फिरून पोर्तुगालच्या लोकवाद्यांची पद्धतशीर नोंद केली, मापं, सूर, आकार सकट, आणि आज आपण जे खात्रीने बोलतो त्यातलं पुष्कळ त्या कामावर उभं आहे.

७. माशेत, ब्रागिन्या, राझांव, कवाकू… ही सगळी एकाच वाद्याची नावं आहेत का?

राझांव सोडून बाकी जवळपास हो. माशेत आणि ब्रागिन्या ही मादेइरा बेटावरच्या चार तारांच्या छोट्या वाद्याची नावं. ब्रागिन्या या नावातच ब्रागा आहे, म्हणजे आपण कोल्हापुरी म्हणतो तसं, माल कुठला ते नावावरून कळतं. कवाकू म्हणजे ब्राझीलचं लाडाचं नाव.

राझांव वेगळं. ते जरा मोठं, पाच तारांचं, तेही मादेइराचं. हे लक्षात ठेवा कारण पुढे सगळी गंमत याच्यावर आहे. आणि हो, माशेतचं स्पेलिंग ऊस तोडायच्या मोठ्या सुऱ्यासारखंच आहे त्यामुळे सर्च केलं की सुरेच दिसतात, घाबरू नका.

८. हे गरिबांचं वाद्य होतं ना? मग जुन्या फोटोत राण्या-बिण्या कशा दिसतात?

दोन्ही खरं. मादेइरात शेतकरीही वाजवायचे आणि फुंशाल शहरातल्या बैठकीच्या खोल्यांतही ते वाजायचं. तिथे कांदिदू द्रुमोंद द व्हाश्कोन्सेलुश नावाचा वादक होऊन गेला, त्याच्या रचनांचं १८४६ सालचं हस्तलिखित आहे, वॉल्ट्झ, पोल्का असले तुकडे, माशेतने धून वाजवायची आणि गिटारने साथ. नुसतं झरझर वाजवायचं वाद्य असतं तर कोणी एवढं लिहून ठेवलं नसतं. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ १८६०-६१ च्या हिवाळ्यात हवापालटासाठी मादेइरात राहिली होती, तेव्हाच्या तिच्या एका फोटोत तिच्या हातात असंच छोटं वाद्य आहे.

९. मग हवाईला कसं गेलं? तो जहाजाचा किस्सा खरा की बनवलेला?

गाभा खरा आहे, आणि जरा सविस्तर सांगण्यासारखा आहे.

मादेइरा म्हणजे वाइनचं बेट. एकोणिसाव्या शतकाच्या मधे आधी द्राक्षवेलींवर बुरशीचा रोग पडला आणि मग फिलॉक्सेरा नावाची कीड, बेट उपाशी पडायला लागलं. इकडे हवाईत १८७५ ला अमेरिकेशी करार झाला, साखर बिनजकात जायला लागली, उसाचे मळे वाढले आणि मजूर कमी पडले. हवाईत बरीच वर्षं काढलेले विल्यम हिलेब्रांड नावाचे डॉक्टर-वनस्पतितज्ज्ञ तेव्हा मादेइरात होते, त्यांनी सुचवलं की इथली माणसं घ्या, ऊस यांना माहीत आहे. १८७८ ला पहिलं जहाज गेलं. आणि मग १८७९ च्या एप्रिलमध्ये फुंशालहून रेव्हन्सक्रॅग निघालं, चारशेच्या वर माणसं, बायकापोरांसकट, चार महिने समुद्रावर, ऑगस्टच्या शेवटी होनोलुलू.

जहाजात मानुएल नुनिस, ऑगुश्तू दियश आणि जुझे दु एश्पिरितू सांतू असे तीन सुतारकाम करणारे होते. (नुनिस, डायस… वसईच्या वाचकांना शेजारच्या घराची पाटी वाचल्यासारखं वाटेल.) शिवाय जुआंव फर्नांदिश नावाचा वाजवणारा. सांगतात असं की जहाजात एकाकडे वाद्य होतं पण त्याला वाजवता येत नव्हतं, ते त्याने फर्नांदिशला दिलं, आणि प्रवास संपला म्हटल्यावर हा धक्क्यावर उतरून आनंदाने वाजवत सुटला. ही आठवण पुष्कळ वर्षांनी सांगितलेली, त्यामुळे तिला जरा मीठमसाला असणार. पण याला स्वतंत्र दुजोरा आहे: जहाज लागल्यावर दोनच आठवड्यांत तिथल्या वर्तमानपत्राने छापलं की मादेइराची नवी मंडळी रोज रात्री रस्त्यावर वाजवून लोकांना खूश करतायत, त्यांची वाद्यं विचित्र आहेत, गिटार आणि बँजोच्या मधली, पण आवाज गोड.

तिघे सुतार आधी मळ्यावरचा करार पुरा करायला गेले आणि सुटल्यावर होनोलुलूत येऊन त्यांनी दुकानं टाकली. तिथल्या कोआ लाकडात वाद्यं करायला लागले. आणि इथे ती कलम बांधली गेली: अंग घेतलं छोट्या माशेतचं आणि सूर घेतले पाच तारांच्या राझांवचे, त्यातल्या चार तारांचे. राझांवमध्ये ती वरून खाली उडी मारणारी तार आधीपासून होतीच, तीच युकुलेलेत आली (प्रश्न ४ आठवा). एकाचा देह, दुसऱ्याचा गळा.

दियशचं दुकान पुढे १९०० च्या जानेवारीत जळालं. होनोलुलूच्या चायनाटाउनमध्ये प्लेग आला म्हणून अधिकाऱ्यांनी ठरवून काही घरं पेटवली आणि वाऱ्याने आग हाताबाहेर गेली. हा तोच प्लेग ज्याने १८९६ ला मुंबई आणि १८९७ ला पुणं हलवलं होतं.

१०. युकुलेले म्हणजे ‘उडी मारणारी पिसू’ हे खरंय का?

शब्द तसा फुटतो खरा, उकू म्हणजे पिसू आणि लेले म्हणजे उडी. पण नाव का पडलं याच्या निदान तीन गोष्टी आहेत. एक, वाजवणाऱ्याची बोटं पिसूसारखी उड्या मारतात म्हणून. दुसरी, हवाईच्या राजाच्या दरबारात एडवर्ड पर्व्हिस नावाचा लहानखुरा चुळबुळ्या इंग्रज अधिकारी होता, तो हे छान वाजवायचा, त्याचं टोपणनाव वाद्याला चिकटलं. तिसरी राणी लिलिउओकलानीने सांगितलेली, उकू म्हणजे देणगी असाही अर्थ निघतो, तर ‘इथे आलेली देणगी’. तिसरी सगळ्यात सुंदर, पहिली सगळ्यात सोयीची. मी स्वतः पर्व्हिसवाल्या गोष्टीवर पैसे लावणार नाही.

११. मग युकुलेले पोर्तुगीजांचं की हवाईचं? एका कमेंटमध्ये यावरून भांडण झालं.

बघितलं मी ते. नुनिसच्या दुकानाने तर आपल्या वाद्यांवर ‘युकुलेलेचे शोधक’ असा दावाच छापला होता, म्हणजे भांडण जुनंच आहे.

माझं मत: सुतार मादेइराचे, लाकूड हवाईचं, सूर राझांवचे, गाणी हवाईची. राजा कालाकौआने त्याला उचलून धरलं नसतं, दरबारात हुला नाचाबरोबर वाजवलं नसतं, तर मजुरांचं एक परदेशी वाद्य म्हणून ते दोन पिढ्यांत संपलं असतं. १९१५ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या जागतिक प्रदर्शनात हवाईच्या दालनात ते वाजलं आणि अख्ख्या अमेरिकेला वेड लागलं. पुढच्या वर्षी सॅम्युअल कामाका यांनी होनोलुलूत कारखाना काढला, जो आजही घरचेच लोक चालवतात, त्यांचं अननसाच्या आकाराचं मॉडेल प्रसिद्ध आहे. आणि अननस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांनीच आणला, पण ते सोडा, मी भरकटतो.

१२. ब्राझीलमध्ये एवढं मोठं कसं झालं?

तिथे त्याला स्वतःचं संगीत मिळालं. रिओमध्ये १८७० च्या सुमारास बासरी, दोन गिटार आणि कवाकिन्यू असा संच जमला, बासरीवाला जुआकिं कालादू त्यातला मोठा माणूस, आणि त्यातून शोरू नावाचं संगीत उभं राहिलं. युरोपची पोल्का घ्यायची आणि तिला रिओच्या चालीने लचकवायची. कवाकिन्यूचं काम आधी ताल-कॉर्ड सांभाळायचं होतं. मग वाल्दिर अझेव्हेदू आला आणि त्याने ते पुढे आणून बसवलं. त्याची १९४९ ची ‘ब्राझिलेरिन्यू’ ही धून ऐका, नक्की कुठेतरी आधी ऐकलेली निघेल. तिचा पहिला भाग जवळजवळ एकाच तारेवर वाजतो. घरातल्या एका पोराच्या मोडक्या वाद्याला एकच तार होती आणि त्यावर वाजवून दाखव म्हणाला त्यातून ती सुचली, असं सांगतात.

सांबात तर कवाकूशिवाय पान हलत नाही. कार्निव्हलमध्ये शेकड्यांनी ढोल वाजत असतात आणि गाणाऱ्याला सूर धरायला आधार कोण, तर हे चार तारांचं पिल्लू. आपल्या ढोलताशा पथकात मधोमध कोणीतरी मेंडोलिन वाजवतंय आणि सगळे त्याच्या सुरावर चाललेत अशी कल्पना करा. नेल्सन कवाकिन्यू नावाचा थोर सांबाकार होऊन गेला, वाद्यच आडनाव होऊन बसलं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आल्मिर गिनेतूने कवाकिन्यूची दांडी-सूर बँजोच्या चामड्याच्या अंगाला जोडले, कारण घराच्या अंगणातल्या बैठकीत ढोलांपुढे साधं कवाकू ऐकू येईना.

१३. आफ्रिकेत पण आहे म्हणे?

केप व्हर्द बेटांवर, हो. मोर्ना आणि कोलादेरा या गाण्यांच्या दोन्ही प्रकारात ते झुळझुळत असतं. तिथल्या सेझारिया एव्होरा या गायिकेची गाणी ऐकत असाल तर मागे सतत जे नाजूक किणकिण चालू असतं तेच हे, तिच्या वाद्यवृंदातला बाऊ हा त्यातला मोठा वादक. मोर्नाला २०१९ ला युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं.

१४. इंडोनेशियातलं क्रोंचोंग पण कवाकिन्यूचंच पोर आहे ना?

इथे जरा थांबा. बहुतेक ठिकाणी ‘हो’ लिहिलेलं असतं, मी ‘चुलत नात्यातलं’ म्हणेन.

पोर्तुगीजांनी मलाक्का घेतलं १५११ ला आणि डचांनी ते हिसकावलं १६४१ ला. त्यानंतर जकार्ताच्या उत्तरेला तुगू नावाच्या गावात १६६१ च्या सुमारास पोर्तुगीज बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांची वस्ती बसली. त्यांना मार्डाइकर म्हणत, सुटका झालेले गुलाम आणि त्यांची मुलंबाळं, आणि त्यातल्या पुष्कळांची मुळं हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवरची, बंगालची, कोरोमंडलची. त्यांच्याकडे छोटी गिटारं होती आणि त्यातून क्रोंचोंग आलं. नाव वाद्याच्या छन्न आवाजावरून पडलं असं मानतात. आजच्या संचात चाक आणि चुक अशी दोन छोटी वाद्यं एकमेकांच्या मधल्या जागा भरत वाजतात, एक तालावर, दुसरं तालाच्या फटीत.

म्हणजे ही वाट मादेइरा-हवाईच्या दोनशे वर्षं आधीची. तेव्हा गेलं ते आजचं कवाकिन्यू नव्हे, त्याच्या आज्याच्या पिढीतलं काहीतरी. तुगूतल्या एका वाद्याचं नाव माचिना आहे, गिमारायन्शच्या कागदातलं माशिन्यू आठवून मोह होतोच, पण नुसत्या नावाच्या साम्यावर मी वंशावळ लिहिणार नाही.

१५. पोर्तुगीज गोव्यात साडेचारशे वर्षं होते, वसईत १७३९ पर्यंत. मग हे आपल्याकडे का नाही?

हा प्रश्न गोव्याहूनच येतो आणि थोड्या रागाने येतो. गोव्यात घरोघर पोचलं ते व्हायोलिन, चर्चच्या शाळांमुळे. मांडो म्हणजे व्हायोलिन आणि घुमट, तिथे ताल घुमटाने धरला, सूर व्हायोलिनने, मधे किणकिणायला जागाच उरली नाही. वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लग्नातही घुमट आणि बँड. शिवाय हे वाद्य ज्यांच्या खांद्यावरून फिरलं ते मिन्यू-मादेइराचे पोट घेऊन निघालेले गरीब लोक, आणि ते ब्राझीलला गेले, हवाईला गेले, उसाच्या मळ्यावर गेले. गोव्याला यायचे ते अधिकारी, शिपाई आणि पाद्री. हा माझा तर्क आहे, पण मला तो पटतो.

एक दुवा मात्र गोड आहे. २४ जूनला गोव्यात सांजांव, डोक्यावर कोपेल (फुलांचा मुकुट) घालून विहिरीत उड्या. तोच सण, तोच संत, आदल्या रात्री ब्रागा जागं असतं आणि रस्त्यातून टोळ्या कवाकिन्यू वाजवत फिरतात.

१६. पणजीत फाडोच्या कार्यक्रमात जे वाजतं ते हेच का?

नाही. ती गिटार्रा, पोर्तुगीज गिटार, पेअरसारखी गोल, सहा जोड्यांत १२ तारा, वरती पंख्यासारखी खुंट्यांची रचना. फाडो लिस्बन-कोइंब्राचा, विरहाचा. कवाकिन्यू उत्तरेच्या खेड्याचं, नाचायचं.

१७. चार तारा म्हणजे कवाकिन्यूच ना? व्हेनेझुएलाचं क्वात्रो, कॅनरीचं तिंपले, चारांगो हे काय?

नाही हो, तारा मोजून जात ठरत नाही. क्वात्रोला चार तारा आहेत पण ते मोठं आणि स्पॅनिश वाटेने गेलेलं. तिंपले पाच तारांचं. चारांगो अँडीजचं, पाच जोड्यांचं. सगळे त्याच जुन्या छोट्या गिटारांच्या गोतावळ्यातले. उलट चुक बऱ्याचदा तीनच तारांचं असतं. ब्राझीलमध्ये पाच तारांचे कवाकिन्यूही मिळतात आणि ते कवाकिन्यूच.

१८. माझ्या युकुलेलेला स्टीलच्या तारा लावल्या तर कवाकिन्यू होईल का?

होणार नाही, आणि घोडी (तबलीवर तारा टेकतात तो तुकडा) उखडेल. युकुलेलेची तबली मऊ तारांच्या ताणासाठी केलेली असते, स्टीलचा ताण खूप जास्त. एका वाचकाने मला विचारून नाही, करून मग फोटो पाठवला, घोडी तबलीच्या एका पापुद्र्यासकट वर आली होती.

तसंच युकुलेलेच्याच तारा ताणून रे-सोल-सी-रे करू नका, दुसरी तार चार-पाच सूर वर न्यावी लागते, तुटणार. वेगळा संच घ्या. आणि ब्राझीलच्या कवाकिन्यूवर पोर्तुगालचे सा-सा-ग-प लावायचे तर पहिली जाड तार बदलावी लागेल, तीच ओढू नका.

१९. मला घ्यायचंय, कुठलं घेऊ? गिटार येतं थोडं.

गिटार येत असेल तर ब्राझीलवालं घ्या, त्याच्या चार तारा गिटारच्या खालच्या चारसारख्याच, फक्त शेवटची ‘मी’ सुराऐवजी ‘रे’. पुष्कळ गिटारवाले ती तार ‘मी’ सुरावर चढवून सरळ ओळखीचे कॉर्ड धरतात, शुद्धतावादी नाक मुरडतात, मुरडू द्या. नाचाची ती मिन्यूची धार हवी असेल तर मात्र सपाट पट्टीवालंच शोधा, आणि त्यासाठी थांबायची तयारी ठेवा.

एक अनुभव सांगतो. माझं ब्राझीलवालं कुरियरने आलं तेव्हा घोडी सुटलेली. मिरजेला एका तंबोरे करणाऱ्या काकांकडे नेलं. त्यांनी ते तळहातावर आडवं घेतलं, नखाने तबली टिचकावली, कानाला लावली, मग घोडीकडे बघून म्हणाले, ‘याला जवारी कुठंय?’ नाही म्हटलं. ‘तरफा?’ त्याही नाहीत. बराच वेळ गप्प. मग सरस लावून, वरून चिमटा बसवून म्हणाले दोन दिवस हात लावू नका. न्यायला गेलो तेव्हा सूर लावून ठेवलेलं होतं, पण त्यांच्या हिशोबाने: प-सा-सा-सा.

२०. पोर्तुगालला गेलो तर कुठे बघायला मिळेल?

ब्रागाजवळच्या तेबोझा गावात डोमिंगुश माशादू या कारागिराच्या संग्रहातून उभं राहिलेलं तंतुवाद्यांचं छोटं म्युझियम आहे, १९९५ पासून. तिथे कवाकिन्यू आणि त्याचे सगळे सोयरे एका भिंतीवर भेटतात. ऐकायला सुरुवात झुलियू पेरेइरापासून करा, १९८१ च्या त्याच्या अल्बमने शहरातल्या पोरांना या वाद्याकडे परत वळवलं. जमलं तर जूनमध्ये जा, २३ च्या रात्री, कारण प्रश्न १५.